वय झाले, खाली उतरा!

पस्तिसाव्या वर्षी माणूस नोकरीत नुकता कुठे स्थिरावलेला असतो. घराचे हप्ते सुरू असतात, मुले प्राथमिक शाळेत असतात आणि साहेब नावाने हाक मारू लागलेला असतो. एअर इंडियाच्या हवाई सुंदरीच्या हातात मात्र एकेकाळी याच वयात नारळ दिला जाई. कंपनीच्या सेवानियमांतील ४६ व्या नियमात तिच्या निवृत्तीची तीन निमित्ते नोंदलेली होती. वयाची पस्तीस वर्षे पूर्ण होणे हे एक, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न करणे हे दुसरे आणि पहिले गरोदरपण हे तिसरे. यांतले जे आधी घडेल त्या दिवशी तिचे आकाश संपले. त्याच विमानात, त्याच प्रवाशांना, तोच चहा देणारा पुरुष पर्सर अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत नोकरीत राहू शकत होता. त्याने लग्न केव्हा केले, त्याला मुले किती, याची चौकशी नियम करीत नव्हता.

४७ व्या नियमाने एक फट ठेवली होती. व्यवस्थापकीय संचालकांची मर्जी असेल तर हवाई सुंदरीला एकेक वर्षाची मुदतवाढ मिळे, ती जास्तीत जास्त पंचेचाळिशीपर्यंत. म्हणजे दरवर्षी वाढदिवस आला की आपण अजून चालतो की नाही, हे दुसऱ्या कुणाच्या तरी टेबलावर ठरणार. ही मर्जी कशावरून ठरायची याचे कोणतेही निकष लिहिलेले नव्हते.

नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याविरुद्ध १९८० मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. प्रकरण तेथून सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २८ ऑगस्ट १९८१ रोजी न्यायमूर्ती मुर्तझा फजल अली यांच्या खंडपीठाने निकाल दिला. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा निकाल आजही शिकवला जातो, तो मुख्यतः गरोदरपणाच्या कलमासाठी. ते कलम न्यायालयाने अत्यंत कडक शब्दांत रद्द केले. संचालकांची बेलगाम मर्जीही रद्द झाली. तरुण आणि आकर्षक मुलीच प्रवाशांची नीट सरबराई करू शकतात, हा युक्तिवाद तर न्यायालयाने निव्वळ तर्कट आणि स्त्रीत्वाचा अपमान म्हणून झिडकारला.

हे सगळे वाचून वाटावे की पस्तिशीची अटही उडाली असेल. ती उडाली नाही. चार वर्षांपर्यंत लग्न न करण्याची अटही राहिली. न्यायालयाने इतकेच केले की नियम नीट सुधारला जाईपर्यंत, प्रकृती ठीक असेल तर, हवाई सुंदरींना पंचेचाळिशीपर्यंत नोकरी करू द्यावी असे सांगितले. पुरुषांच्या अठ्ठावन्नपुढे बायकांचे पंचेचाळीस घटनेला मान्य ठरले.

कसे काय ठरले? घटनेच्या पंधराव्या आणि सोळाव्या कलमांत एक छोटा शब्द आहे, ‘केवळ’. केवळ धर्म, वंश, जात, लिंग वगैरे कारणांवरून राज्याने भेदभाव करू नये. एअर इंडियाचे म्हणणे असे की हवाई सुंदरी आणि पर्सर यांची भरती वेगळी, पात्रता वेगळी, बढतीच्या पायऱ्या वेगळ्या, लाभ वेगळे. तेव्हा फरक केवळ स्त्री-पुरुष म्हणून केलेला नाही. न्यायालयाने हे मान्य केले. भेद करणाऱ्याने आधी दोन वेगळे संवर्ग करायचे आणि मग संवर्ग वेगळे आहेत म्हणून भेद योग्य ठरवायचा, यातला गोल फिरणारा रस्ता कुणाच्याही लक्षात येण्यासारखा आहे. पण ‘केवळ’ या शब्दाने त्या दिवशी तो रस्ता मोकळा करून दिला.

आणि वय? घटनेच्या या यादीत धर्म आहे, जात आहे, लिंग आहे, जन्मस्थान आहे. वय नाही. म्हणून ‘आम्हाला वयामुळे काढता’ असे या स्त्रियांना सरळ म्हणताच येत नव्हते. वयाची तक्रार त्यांना लिंगभेदाचे कपडे घालून न्यायालयात न्यावी लागली.

पुढची कथा संथ आहे. एअर इंडियाच्या स्त्रिया संसदेच्या समितीपुढे गेल्या आणि १९८९ मध्ये केंद्र सरकारने कंपनीला निर्देश दिला की स्त्री कर्मचाऱ्यांनाही अठ्ठावन्नपर्यंत सेवेत ठेवावे. कागदावर लढाई जिंकली. पण सेवा म्हणजे उड्डाण नव्हे, असा अर्थ व्यवस्थापनाने लावला. उड्डाण आधी पंचेचाळीस आणि नंतर पन्नास वर्षांपर्यंत. त्यानंतर अठ्ठावन्नपर्यंत जमिनीवरचे काम. पुरुष मात्र वरच. जमिनीवर उतरले की उड्डाणाचे भत्ते गेले आणि विमानातली बढतीची वाटही बंद झाली. म्हणजे हा प्रश्न नुसत्या मानाचा नव्हता, महिन्याच्या पगारपत्रकाचाही होता.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. सगळ्याच हवाई सुंदरींना अठ्ठावन्नपर्यंत उडायचे नव्हते. रात्रीची जागरणे, रोज बदलणारी घड्याळे, तासन्‌तास उभे राहून दुखावणारे गुडघे हे सगळे सोसून पन्नाशीला आलेल्या बाईला जमिनीवरचे निवांत काम हवेसे वाटले तर त्यात नवल काय? वरच्या श्रेणीत गेलेल्या काहीजणींना उडत राहायचे होते. संघटनेतल्या बहुसंख्य सभासदांना पन्नाशीला उतरण्याचा करार टिकवायचा होता. ऑगस्ट २००१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पन्नाशीची अट भेदभावाची ठरवली आणि त्या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जाणाऱ्यांत केबिन क्रूची संघटना स्वतःच होती. ११ जुलै २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निकाल फिरवला. संघटनेने वाटाघाटी करून मान्य केलेला करार म्हणजे भेदभाव नव्हे, असा त्याचा मथितार्थ.

मला यात खटकते ते वेगळेच. ज्याला उतरायचे आहे त्याला उतरू द्यावे, ज्याला उडायचे आहे त्याची तब्येत तपासावी आणि उडू द्यावे, इतकी साधी सोय पुरुषांना आणि स्त्रियांना सारखीच का देता येऊ नये? पन्नाशीत दमणारे गुडघे काही बायकांचेच नसतात. पुढे विमानातल्या पर्यवेक्षकाचे पद पुरुषांसाठी राखीव ठेवण्याची पद्धत कंपनीनेच २००५ मध्ये बंद केली, तेव्हा पुरुष सहकारी न्यायालयात गेले. दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने १७ नोव्हेंबर २०११ रोजी त्यांचे म्हणणे फेटाळले. १९८१ च्या निकालाच्या वेळी जी हवाई सुंदरी पस्तिशीची होती, ती या दिवशी पासष्टची झालेली होती.

हवाई सुंदरींची ही गाऱ्हाणी भारताची खासियत नव्हती. अमेरिकेत अमेरिकन एअरलाइन्सने १९५३ पासून बत्तिसाव्या वर्षी निवृत्तीचा नियम केला होता. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने नोकरीतील समान संधीसाठी आयोग नेमला. १९६५ मध्ये त्याचे दार उघडताच पहिल्या तक्रारदारांच्या रांगेत हवाई सेविका होत्या. आयोगाने १९६८ मध्ये वयाची आणि लग्नाची बंधने बेकायदा ठरवली ती लिंगभेदाच्या कायद्याखाली. गंमत अशी की वयाच्या भेदभावाविरुद्धचा खास कायदा अमेरिकेने १९६७ मध्येच केला होता; पण त्याचे संरक्षण चाळिसाव्या वर्षी सुरू होते. बत्तिसाव्या वर्षी ‘म्हातारी’ ठरलेली मुलगी त्या कायद्याच्या दृष्टीने अजून लहान होती!

तो कायदा सुरुवातीला चाळीस ते पासष्ट या वयोगटापुरता होता. १९७८ मध्ये वरची मर्यादा सत्तर झाली आणि १९८६ मध्ये बहुतेक नोकऱ्यांसाठी ती काढूनच टाकली. वीस किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या मालकाला तो लागू आहे. वयामुळे काढले असे सिद्ध झाले तर बुडालेला पगार मिळतो, नोकरी परत मिळू शकते, ती देणे शक्य नसेल तर पुढच्या काळाचा पगार मिळू शकतो. मालकाने जाणूनबुजून कायदा मोडला असेल तर बुडालेल्या पगाराइतकीच रक्कम आणखी, म्हणजे दुप्पट भरपाई. मनस्तापाचे पैसे मात्र हा कायदा देत नाही. तिथेही सगळे आबादीआबाद नाही. आयोवा राज्यातल्या एका विमा कंपनीतील चोपन्न वर्षांच्या अधिकाऱ्याची पायरी उतरवली गेली. ज्यूरीने त्याला ४६,९४५ डॉलर दिले. २००९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी अपील न्यायालयाचा निकाल रद्द करून खटला पुन्हा खाली पाठवला. वय हे अनेक कारणांपैकी एक होते असे दाखवून भागणार नाही, वय नसते तर हे घडलेच नसते असे फिर्यादीने सिद्ध केले पाहिजे, असा नियम न्यायालयाने घालून दिला. आपल्या ‘केवळ’ची ही सात समुद्रांपलीकडची भावंडेच म्हणायची.

इंग्लंडचे उदाहरण आपल्या कथेच्या बरोबर उलटे आहे. बीबीसीचा ‘कंट्रीफाइल’ हा शेतीभातीचा कार्यक्रम २००९ मध्ये रविवार संध्याकाळच्या मोक्याच्या वेळेला हलवला गेला. तेव्हा चाळिशी-पन्नाशीतल्या चार निवेदिकांना वगळण्यात आले. मिरियम ओ’रायली त्यांतल्या एक. साठी ओलांडलेले जॉन क्रेव्हन मात्र पडद्यावर राहिले. आता चित्रे अधिक स्पष्ट दिसणार, सुरकुत्या सांभाळा, असे आपल्याला ऐकवले गेल्याचे ओ’रायली यांनी न्यायाधिकरणापुढे सांगितले. जानेवारी २०११ मध्ये निकाल लागला. लिंगभेदाचा आरोप न्यायाधिकरणाने मान्य केला नाही. वयाच्या भेदभावाचा आणि तक्रार केल्यावर डूख धरल्याचा आरोप मान्य केला. बीबीसीने माफी मागितली. म्हणजे जी बाई लिंगभेदाच्या नावाने हरली ती वयाच्या नावाने जिंकली. कारण तिच्या देशात २००६ पासून वयाच्या भेदभावाला कायद्यात नाव होते. तिथे अशा दाव्यात भरपाईला वरची मर्यादा नाही आणि दुखावलेल्या भावनांचीही किंमत लावली जाते. एअर इंडियाच्या स्त्रियांजवळ ते नाव नव्हते.

नाव नसले म्हणजे काय होते, याचे आपल्याकडचे सर्वांत ठसठशीत उदाहरण आंध्र प्रदेशातले आहे आणि त्यात स्त्री-पुरुष हा प्रश्नच नव्हता. जानेवारी १९८३ मध्ये एन. टी. रामाराव मुख्यमंत्री झाले आणि पुढच्याच महिन्यात त्यांच्या सरकारने निवृत्तीचे वय अठ्ठावन्नवरून पंचावन्नवर आणले. तरुण बेकारांना जागा मिळाव्यात हे कारण. अठरा हजारांहून अधिक सरकारी कर्मचारी आणि सार्वजनिक उपक्रमांतील सुमारे दहा हजार लोक एका फटक्यात घरी गेले. तीन वर्षांनी निवृत्त होऊ म्हणून कुणी मुलीचे लग्न पुढे ठेवले असेल, कुणी घराचे कर्ज काढले असेल. त्यांच्या याचिकेवर सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या खंडपीठाने जानेवारी १९८५ मध्ये निकाल दिला: निवृत्तीचे वय ठरवणे हा सरकारच्या धोरणाचा भाग आहे, पंचावन्न हे वय अवाजवी म्हणता येणार नाही. आंध्रात ते वय पुन्हा अठ्ठावन्नवर गेले, ते राजकारणाने.

खासगी नोकरीत तर घटनेची ही कलमेही सरळ लागू होत नाहीत. तिथे ‘तुमचे वय झाले’ असे कुणी लिहूनही देत नाही. ‘कंपनीची पुनर्रचना चालू आहे’, ‘नव्या रक्ताची गरज आहे’, ‘तुमच्या पगारात दोन माणसे येतात’ अशी भाषा असते. नव्वदच्या दशकात तिला स्वेच्छानिवृत्ती योजना, म्हणजे व्हीआरएस, असे नाव मिळाले आणि ‘गोल्डन हँडशेक’ असे लाडके टोपणनाव. त्यातली ‘स्वेच्छा’ किती आणि कुणाची, हे मुंबई-पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात राहिलेल्या घरांना सांगायला नको. आकड्यांचा योगायोग पाहा. अमेरिकेत चाळिसाव्या वर्षी संरक्षण सुरू होते. आपल्या प्राप्तिकर नियमांत व्हीआरएसच्या रकमेवर सवलत मिळण्यासाठी योजना दहा वर्षे नोकरी झालेल्यांना किंवा चाळीस वर्षे वय पूर्ण केलेल्यांना लागू असली पाहिजे, अशी अट घातली गेली. एका देशाने चाळिशीला कुंपण घातले, दुसऱ्याने दार उघडून दिले.

राष्ट्रीयीकृत बँकांची २००० सालची व्हीआरएस अनेकांना आठवत असेल. पंधरा वर्षे नोकरी किंवा चाळीस वर्षे वय ही पात्रता होती आणि सुमारे एक लाख माणसे बँकांतून बाहेर पडली. अनेकांनी अर्ज केला, घरी जाऊन हिशेब मांडला आणि अर्ज मागे घ्यायचे ठरवले. बँका म्हणाल्या, योजनेतच लिहिले आहे की एकदा केलेला अर्ज मागे घेता येणार नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर २००२ मध्ये न्यायालयाने सांगितले की राष्ट्रीयीकृत बँकांची ही योजना म्हणजे अर्ज करण्याचे नुसते आमंत्रण होते, आणि अर्ज मंजूर होण्यापूर्वी तो मागे घेण्याचा हक्क कर्मचाऱ्याला आहे. ज्यांनी पैसे उचलले होते त्यांना मात्र हा मार्ग उरला नव्हता.

याच्या शेजारी अमेरिकेचा १९९० चा दुरुस्ती कायदा ठेवून पाहावा. चाळिशीपुढच्या माणसाकडून ‘मी वयाबद्दल दावा करणार नाही’ असे लिहून घ्यायचे असेल, तर विचार करायला त्याला एकवीस दिवस द्यावे लागतात. एका वेळी अनेकांना घालवायचे असेल तर पंचेचाळीस. सही केल्यावरही सात दिवसांत ती मागे घेता येते. वकिलाचा सल्ला घ्या, असे मालकाने लेखी सांगावे लागते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सामूहिक योजनेत कोणत्या पदावरच्या, कोणत्या वयाच्या लोकांना निवडले आणि कोणाला ठेवले, याची यादी मालकाने स्वतः हातात द्यावी लागते. वयाचा भेदभाव सिद्ध करायला जो कागद लागतो तोच कागद! आपल्याकडे संध्याकाळी चार वाजता केबिनमध्ये बोलावून ‘आत्ताच सही करा, नाहीतर रक्कम कमी होईल’ असे सांगण्याची पद्धत आहे.

आपल्या कायद्यात प्रौढ कामगाराला कसलाच आधार नाही असे नाही. कामगारकपात करताना शेवटी आला तो आधी जाईल, हे तत्त्व औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ पासून होते आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ते आहे. जुन्या माणसाला डावलून नव्याला ठेवायचे तर मालकाला कारणे नोंदवावी लागतात. एक महिन्याची नोटीस आणि नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला पंधरा दिवसांचा सरासरी पगार ही कपातीची भरपाई. वयाचे नाव न घेता वयाला दिलेला हा बराच जुना आणि बराच शहाणा आधार आहे. पण तो ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्यालाच मिळतो. व्यवस्थापकीय काम करणारे त्याच्या बाहेर आणि महिना अठरा हजारांवर पगार घेणारे पर्यवेक्षकही बाहेर. पंचेचाळिशीला ज्यांना हळूच केबिनमध्ये बोलावले जाते ते बहुतेक याच बाहेरच्या गटातले असतात. त्यांनी दिवाणी न्यायालयात जावे तर वैयक्तिक सेवेचा करार न्यायालय सहसा जबरदस्तीने पाळायला लावत नाही आणि भरपाई बहुधा नोटिशीच्या मुदतीच्या पगारापाशी थांबते.

ग्रॅच्युइटीला अनेकजण नुकसानभरपाई समजतात, तो गैरसमज आहे. ग्रॅच्युइटीसाठी धरला जाणारा शेवटचा पगार चाळीस हजार आणि नोकरी वीस वर्षे असेल तर हिशेब असा: चाळीस हजारांना सव्विसाने भागायचे, पंधराने गुणायचे, वीसने गुणायचे. रक्कम ४ लाख ६१ हजार ५३८ रुपये होते. ती राजीनामा दिला तरी मिळते आणि काढून टाकले तरी मिळते. ते कमावलेले पैसे आहेत. झालेल्या अन्यायाचा त्यात एक पैसाही नाही. म्हाताऱ्या आईबापांना न सांभाळणाऱ्या मुलांविरुद्ध आपण २००७ मध्ये कायदा केला. वीस वर्षे राबवून घेऊन पंचेचाळिशीत दार दाखवणाऱ्या मालकाविरुद्ध नाही केला.

तेव्हा ज्या घरात हा प्रसंग आज उभा आहे तिथे निदान दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. राजीनाम्याचा कागद आणि कपातीचा कागद यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. राजीनाम्यावर सही केली की कपातीच्या भरपाईचा प्रश्नच मिटतो, आणि सही दबावाखाली घेतली हे सिद्ध करण्याचे ओझे सही करणाऱ्यावर येते. म्हणून कागद घरी आणावा, वाचावा, कुणाला तरी दाखवावा. सही करून टाकली असेल तर मंजुरीचे पत्र येण्याआधी, पैसे उचलण्याआधी, आपली हरकत लेखी कळवावी. दुसरे म्हणजे मुदत. कामावरून काढल्याबद्दल नव्या संहितेखाली न्यायाधिकरणाकडे दाद मागायला दोन वर्षे आहेत. गेल्या काही वर्षांच्या कामगिरीचे अहवाल, पगारवाढीची पत्रे, आपल्याबरोबर कोण गेले आणि आपल्या जागी कोण आले याची तारीखवार नोंद, हे सगळे नोकरीत असतानाच घरी आणून ठेवलेले बरे. एकदा कंपनीचे ओळखपत्र काढून घेतले की त्या कपाटाची किल्ली आपल्याकडे राहत नाही.